पहिल्या अध्यक्षाचा पायंडा : जॉर्ज वॉशिंग्टन

जॉर्ज वॉशिंग्टन हे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकले ते चेरीच्या झाडाच्या गोष्टीतून. लहानग्या जॉर्जने नव्या कुऱ्हाडीने वडिलांचे आवडते झाड तोडले आणि विचारल्यावर सरळ खरे सांगून टाकले, ही ती गोष्ट. मुलांना खरे बोलायला शिकवणारी ही गोष्ट स्वतः मात्र खरी नाही, असे अभ्यासक सांगतात. वॉशिंग्टन वारल्यावर काही वर्षांनी वीम्स नावाच्या एका पाद्रीबुवांनी ती आपल्या पुस्तकात घातली आणि तेथून ती जगभर गेली. खऱ्या चरित्रात झाडाची गोष्ट नाही, पण त्याहून पुष्कळ मोठी अशी एक गोष्ट आहे. ती आपल्या मंडळाच्या भगिनींना सांगावी म्हणून हा लेख.

मी काही विदुषी नव्हे. सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पण दुपारी झाकपाक झाली की वाचनालयातून आणलेले एखादे चरित्र घेऊन बसायचे, ही सवय मात्र टिकून आहे. वॉशिंग्टन यांचे चरित्र वाचताना मला त्यांच्या लढायांपेक्षा निराळ्याच गोष्टीचे नवल वाटले. ज्या खुर्चीवर आधी कोणी बसलेलेच नाही तिच्यावर बसायचे कसे, तेथून लोकांशी बोलायचे कसे, आणि मुख्य म्हणजे तेथून उठायचे कसे, हे सांगायला त्यांच्या आधीचे कोणी नव्हते. ते जे करतील तोच पुढच्यांना पायंडा होणार होता. घरात थोरली सून जशी वागते तशीच धाकट्यांना वाट पडते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे घर म्हणजे एक अख्खे राष्ट्र होते.

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतात झाला. त्या वेळी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हे प्रांत इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होते. वडील तंबाखूची शेती करणारे जमीनदार. जॉर्ज अकरा वर्षांचे असताना ते वारले. थोरल्या सावत्र भावांना शिकायला इंग्लंडला पाठवले होते, पण जॉर्जच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. आई मेरी हिच्या हाताखाली, घरच्या शेतावर ते वाढले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे शिक्षण संपले. कॉलेजची पायरी ते कधी चढले नाहीत, आणि याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. सोळाव्या वर्षी ते जमीनमोजणीच्या कामावर डोंगराळ मुलखात हिंडू लागले आणि सतराव्या वर्षी सरकारी मोजणीदार झाले. साखळ्या टाकून जमीन मोजणे, नकाशे काढणे, उघड्यावर झोपणे, हीच त्यांची शाळा.

सावत्र भाऊ लॉरेन्स यांची त्यांच्यावर फार माया. भावाच्या प्रकृतीसाठी १७५१ साली दोघे बार्बाडोस बेटावर गेले असता जॉर्जना देवी आल्या. चेहऱ्यावर वण राहिले, पण जीव वाचला. पुढे सेनापती असताना १७७७ साली त्यांनी आपल्या सैनिकांना देवी टोचून घ्यायला लावल्या, त्यामागे हा अनुभवही असेल. मार्थाबाईंनी तर त्याच्या आदल्या वर्षीच धीर करून टोचून घेतले होते.

या मार्थाबाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या विधवा होत्या. पहिले यजमान वारले तेव्हा त्यांना चार मुले झालेली होती, त्यांतली दोन आधीच गेली होती. ६ जानेवारी १७५९ रोजी त्यांचे वॉशिंग्टन यांच्याशी लग्न झाले आणि पुढे दोन लहान मुलांसह त्या त्यांच्या घरी आल्या. आपल्याकडे विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ साली, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीची ही हकीकत. वॉशिंग्टन यांना स्वतःचे मूल झाले नाही. मार्थाबाईंची मुलेच त्यांनी आपली मानली. त्यांतली मुलगी फेफऱ्याने १७७३ साली गेली आणि मुलगा १७८१ साली छावणीतल्या तापाने गेला. मग त्या मुलाची दोन लेकरे या दोघांनी आपल्याकडे आणून वाढवली. राज्याला वारस होईल असा मुलगा घरात नाही, ही गोष्ट पुढे लोकांना दिलासा देणारी ठरली. राजा होऊन गादी मुलाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

तरुणपणी ते इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांशी लढले होते. पुढे इंग्लंडने न विचारता कर बसवले म्हणून अमेरिकन लोक बिथरले आणि लढाई पेटली. १५ जून १७७५ रोजी सर्व प्रांतांच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टन यांना सेनापती केले. त्यांनी पगार घेणार नाही असे सांगितले, फक्त खर्चाचा हिशेब ठेवीन म्हणाले, आणि तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला.

लढाई आठ वर्षे चालली. सगळ्या लढाया त्यांनी जिंकल्या असे नाही, हरलेल्याही पुष्कळ. १७७७-७८ चा हिवाळा त्यांच्या फौजेने व्हॅली फोर्ज येथे काढला. कित्येकांच्या पायांत जोडे नव्हते, अंगावर पुरते कपडे नव्हते. रोगराईने सुमारे दोन हजार माणसे तेथे दगावली. मार्थाबाई दर हिवाळ्यात घर सोडून छावणीत येऊन राहत, आजाऱ्यांची विचारपूस करत, मोजे विणत. फौज मोडली नाही याचे श्रेय सेनापतीच्या चिकाटीला तर आहेच, पण अशा अनेक बायकांच्या कष्टांनाही आहे.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊन येथे इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. हे नाव आपल्याला परके नाही. तोच कॉर्नवॉलिस १७८६ साली आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपू सुलतानावर त्याने स्वारी केली तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांच्या फौजा घेऊन त्याच्याबरोबर होते. अमेरिकेत ज्याला हार खावी लागली त्याने हिंदुस्थानात इंग्रजांचा पाया पक्का केला.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट येथून सुरू होते. लढाई जिंकली, पण सैनिकांचे पगार थकले होते. १७८३ च्या मार्च महिन्यात न्यूबर्ग येथल्या छावणीत अधिकारी चिडून सरकारवर उठण्याच्या गोष्टी करू लागले. वॉशिंग्टन त्यांच्यापुढे उभे राहिले. एक पत्र वाचून दाखवायचे होते, पण अक्षर लागेना. त्यांनी खिशातून चष्मा काढला. तोपर्यंत त्यांना चष्मा लावलेले फारसे कोणी पाहिले नव्हते. देशाची चाकरी करता करता केस पिकले आणि आता दृष्टीही चालली, अशा अर्थाचे ते काहीसे बोलले. त्यावर कडक शिपायांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बंडाची भाषा जागच्या जागी विरली.

हाताशी फौज आणि सगळा देश पायाशी, अशा वेळी दुसरा कोणी असता तर राजा झाला असता. इतिहासात तसेच होत आले होते. वॉशिंग्टन यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी अ‍ॅनापोलिस येथे प्रतिनिधींच्या सभेपुढे जाऊन सेनापतिपदाची सनद परत केली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते माउंट व्हर्नन येथल्या आपल्या घरी पोचले. ते असे करणार हे इंग्लंडच्या राजाला कळले तेव्हा, असे त्यांनी खरोखर केले तर तो जगातला सर्वांत थोर पुरुष ठरेल, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

पण घरी बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. तेरा प्रांत एकमेकांशी भांडू लागले, कर्ज फिटेना. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे राज्यघटना करण्यासाठी सभा भरली. चार महिने चाललेल्या त्या सभेचे वॉशिंग्टन अध्यक्ष होते, पण ते बोलले फारच थोडे. राष्ट्राध्यक्ष असा एक अधिकारी असावा हे सभेने ठरवले आणि त्याला बरेच अधिकारही दिले. पहिला कोण होणार हे सर्वांना ठाऊक होते, त्यांच्यावर भरवसा होता, म्हणूनच एवढे अधिकार दिले गेले, असे त्या सभेतल्या एका सभासदानेच पुढे लिहिले आहे. मात्र त्या पदाचे कलम अगदी थोडक्यात होते. कपडे शिवायला द्यावे आणि माप समोर बसलेल्या माणसाचे घ्यावे, तसे झाले.

१७८९ साली मतदान झाले. मत देणाऱ्या एकूणएक प्रतिनिधींनी, म्हणजे ६९ जणांनी, त्यांनाच मत दिले. जमीन पुष्कळ होती, पण हाती रोकड नव्हती. देणी भागवायला आणि राजधानीच्या प्रवासाला त्यांना कर्ज काढावे लागले! ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी शपथ घेतली. अंगावर साधा तपकिरी सूट होता, आणि त्याचे कापड अमेरिकेतच विणलेले होते. त्या काळी चांगले कापड इंग्लंडहून येई, त्यामुळे हा पोशाख मुद्दाम निवडलेला होता. खादीचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या देशाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शपथेनंतर त्यांनी भाषण वाचले. घटनेत भाषणाचा नियम नव्हता, पण तेव्हापासून प्रथा पडली. वाचताना त्यांचे हात कापत होते, असे तेथे हजर असलेल्या एका सभासदाने लिहून ठेवले आहे.

पहिला प्रश्न निघाला तो नावाचा. राष्ट्राध्यक्षाला हाक काय मारायची? सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ सभागृहात, पुष्कळांना वाटे की महाराज, हुजूर अशा थाटाची लांबलचक पदवी असावी. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचाही तोच आग्रह. खालच्या सभागृहाने मात्र घटनेत लिहिलेले साधे नावच धरून ठेवले. वॉशिंग्टन यांनीही ते आनंदाने पत्करले. आज तेथे राष्ट्राध्यक्षाला मिस्टर प्रेसिडेंट म्हणतात. एवढ्या मोठ्या सत्तेच्या माणसालाही शेजारच्या गृहस्थासारखीच हाक, ही त्या वेळची देणगी.

दुसरा प्रश्न पगाराचा. वॉशिंग्टन यांनी याही वेळी पगार नको म्हटले. पण काँग्रेसने, तेथल्या संसदेचे नाव काँग्रेस आहे, वर्षाला २५,००० डॉलर ठरवले आणि अखेर त्यांनी ते घेतले. मला हे बरे वाटले. पगार नसता तर पुढे ते पद फक्त श्रीमंतांचे झाले असते.

तिसरा प्रश्न भेटीगाठींचा. सुरुवातीला कोणीही केव्हाही येई, कामाला वेळच उरेना. दार लावून घ्यावे तर राजासारखे दिसणार, सताड उघडे ठेवावे तर धर्मशाळा होणार! मग त्यांनी वार नेमले. मंगळवारी दुपारी तासभर पुरुषांनी भेटायला यावे. ते हात मिळवत नसत, मान लववून नमस्कार करत. शुक्रवारी संध्याकाळी मार्थाबाई स्त्रीपुरुषांचे स्वागत करत. चहा, कॉफी, फराळाचे काही असे. मार्थाबाईंना हे जिणे फारसे रुचले नाही. आपण सरकारी कैदी आहोत असे त्यांनी एका पत्रात कळवले होते, कारण मनाला येईल तिकडे जाता येत नसे. पण त्या नेटाने वागल्या. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने घर कसे चालवावे याचाही पायंडा त्यांनीच घातला, आणि त्यांना त्याचे ना पद होते ना पगार.

एक गमतीची हकीकत सांगते. १७८९ च्या ऑक्टोबरात ते बोस्टनला गेले. तेथले गव्हर्नर जॉन हॅनकॉक मोठे मानी. राष्ट्राध्यक्षांनीच आधी आपल्या घरी यावे अशी त्यांची अपेक्षा. प्रश्न मानपानाचा दिसतो, पण आत मोठा मुद्दा होता : एका प्रांताचा प्रमुख मोठा की साऱ्या देशाचा? वॉशिंग्टन हटले नाहीत, त्यांच्याकडे जेवायला गेले नाहीत. अखेर दुसऱ्या दिवशी गव्हर्नरसाहेब पायाच्या दुखण्याचे निमित्त सांगत, पाय गुंडाळून, नोकरांच्या हातावर भेटीला आले. विहिणीविहिणींचे रुसवे पाहिलेल्या आपल्याला हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. त्याच प्रवासात वॉशिंग्टन यांनी एक नियम पाळला : कोणा श्रीमंताच्या घरी मुक्काम करायचा नाही, खाणावळीतच उतरायचे. एकाच्या घरचे मीठ खाल्ले की दुसरे बोलणार, हे त्यांना कळत होते.

परदेशांशी वा मूळच्या इंडियन लोकांशी तह करताना सिनेटचा सल्ला घ्यावा असे घटनेत होते. म्हणून १७८९ च्या ऑगस्टमध्ये ते स्वतः सिनेटमध्ये जाऊन बसले. सभासदांनी लगेच उत्तर न देता विषय कमिटीकडे सोपवायचा घाट घातला. वॉशिंग्टन रागावले. काम पुरे करायला ते आणखी एकदा गेले, पण त्यानंतर पुन्हा अशा सल्ल्याला कधी गेले नाहीत. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष तह आधी ठरवतो आणि मग सिनेटकडे मंजुरीला धाडतो. एका दिवसाच्या रागाने पडलेला पायंडा शेकडो वर्षे चालला! सल्ल्यासाठी त्यांनी आपल्या खात्यांच्या प्रमुखांना एकत्र बसवले. त्यांत जेफरसन आणि हॅमिल्टन होते, दोघेही बुद्धिमान आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे. मंत्रिमंडळ हा शब्दही त्या घटनेत नाही, पण या बैठकींतून ते तयार झाले. स्वतःहून हुशार माणसे भोवती ठेवायची, दोघांचेही ऐकायचे आणि मग निर्णय आपण घ्यायचा, हे सोपे काम नव्हे.

चार वर्षे झाली. ते साठीला आले होते, दात बहुतेक सगळे गेले होते, कवळीने तोंड दुखे. १७९२ साली त्यांना घरी जायचे होते. पण जेफरसन आणि हॅमिल्टन, ज्यांचे कशातच जमत नसे, त्या दोघांनीही राहा म्हणून गळ घातली. पुन्हा सर्वच्या सर्व, म्हणजे १३२ मते, त्यांनाच पडली.

ही दुसरी चार वर्षे कष्टाची गेली. १७९३ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले तेव्हा त्यांनी अमेरिका कोणाच्याच बाजूने पडणार नाही असे जाहीर केले. १७९४ साली पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध दंगा केला, तेव्हा सुमारे तेरा हजारांची फौज जमवून ते स्वतः काही मजल बरोबर गेले. दंगा मोडला, दोघांना फाशीची शिक्षा झाली, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्या दोघांनाही माफी दिली. जरब आणि क्षमा दोन्ही त्याच हातात. पुढे इंग्लंडशी तह केला तर निम्मा देश उलटला, वर्तमानपत्रे हवे ते लिहू लागली. ते मनातून फार दुखावले, पण वर्तमानपत्रे बंद करा असे त्यांनी कधी म्हटले नाही.

मग आली त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट. किती वेळा निवडून यावे याला त्या वेळी बंधन नव्हते. तिसऱ्यांदा उभे राहते तर त्यांना हरवणारा कोणी नव्हता. पण १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात त्यांचा निरोपाचा लेख छापून आला. आपण आता उभे राहणार नाही, असे सांगून त्यांनी देशबांधवांना चार गोष्टी सांगितल्या : एकी राखा, पक्षांच्या वैरात वाहवू नका, परक्या देशांच्या कायमच्या मैत्रीत वा वैरात गुंतू नका. त्याचे त्यांनी भाषण केले नाही. नुसते छापून दिले आणि त्याच दिवशी गावाकडे निघाले.

४ मार्च १७९७ रोजी जॉन अ‍ॅडम्स यांनी शपथ घेतली. वॉशिंग्टन तेथे जातीने हजर होते. अनेकांचे डोळे पाणावले होते, आणि ते नव्या अध्यक्षासाठी नव्हे तर जुन्यासाठी. समारंभ संपल्यावर बाहेर पडताना नवे उपाध्यक्ष जेफरसन त्यांना पुढे जाऊ द्यायला थांबले, तर वॉशिंग्टन यांनी त्यांनाच पुढे केले, असे सांगतात. आता ते साधे नागरिक होते, मान पदाचा होता.

याच महिन्यांत आपल्या पुण्यात काय चालले होते ते आठवून पाहावे. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे अकाली गेले. पोटी मूल नव्हते. गादीवर कोण, यावरून वर्षभर नाना फडणवीस, परशुरामभाऊ, दौलतराव शिंदे यांची कारस्थाने चालली. आज हा तर उद्या तो. अखेर १७९६ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. नाना काही कमी बुद्धीचे नव्हते, आपली माणसे काही कमी शूर नव्हती. पण एक गेला की दुसरा कसा यावा, याची शांत वाट आपल्याकडे पडली नव्हती. तेथे मात्र तीन महिन्यांच्या अंतराने एक माणूस उठला, दुसरा बसला आणि एक थेंब रक्त सांडले नाही.

उठणे हे बसण्यापेक्षा अवघड आहे, हे आपल्याला घरात कळते. माझ्या सासूबाईंनी एका दिवाळीत पाहुण्यांदेखत किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती दिला. पुष्कळ सासवा देतात. पण त्यानंतर साखरेचा डबा हवा असला तरी त्या मला हाक मारत, स्वतः कपाट उघडत नसत. माझे चुकते तेथे त्यांना दिसत असणारच, पण विचारल्याशिवाय त्या बोलल्या नाहीत. किल्ल्या दिल्या त्या दिवशी नव्हे, पुढच्या त्या वर्षांत मला घर खरे मिळाले.

आता चरित्रातले काळे पानही सांगितले पाहिजे, नाहीतर ही चेरीच्या झाडाचीच गोष्ट होईल. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाच्या शेतावर आणि घरात गुलाम राबत होते. राजधानी फिलाडेल्फियाला असताना तेथल्या कायद्याप्रमाणे सहा महिने राहिलेला गुलाम स्वतंत्र होऊ शके. म्हणून सहा महिने भरण्याआधी गुलामांना प्रांताबाहेर नेऊन आणण्याची युक्ती या घरात चाले. मार्थाबाईंची दासी ओना जज हिला त्या आपल्या नातीला देऊन टाकणार होत्या. ते कळल्यावर १७९६ च्या मे महिन्यात, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, ही तरुण मुलगी दारातून निघून गेली आणि जहाजाने पोर्ट्समाउथला पोचली. तिला परत आणण्यासाठी वॉशिंग्टन यांनी सरकारी अधिकाऱ्यांना कामाला लावले. परक्याच्या घरचे जेवण टाळणाऱ्या माणसाने घरच्या कामाला सरकारी माणूस वापरला. ती परत आली नाही. तिने लग्न केले, वाचायला शिकली, हालात दिवस काढले, पण गेल्याचा पस्तावा तिला कधी झाला नाही. १८४८ साली ती वारली. पहिल्याचे चांगले जसे पुढच्यांना वाट दाखवते तसे वाईटही दाखवते. त्यांच्यानंतरच्या कित्येक राष्ट्राध्यक्षांच्या घरी गुलाम होते, आणि ती प्रथा संपली ती मोठ्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली.

शेवटी शेवटी वॉशिंग्टन यांचे मन बदलले असावे. १७९९ साली केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना मार्थाबाईंच्या पश्चात मुक्त करावे, म्हाताऱ्यांना पोसावे, पोरक्या मुलांना लिहायला आणि एखादा धंदा शिकवावा, असे लिहिले. मार्थाबाईंनी आपल्या मरणाची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना मोकळे केले. मार्थाबाईंच्या पहिल्या यजमानांच्या इस्टेटीतले गुलाम मात्र सुटले नाहीत. ते वारसांत वाटले गेले आणि नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे अशी कुटुंबे फुटली.

१७९९ च्या डिसेंबरात पावसाबर्फात शेतावर घोड्यावरून हिंडल्याने त्यांचा घसा धरला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वैद्यांनी शीर उघडून पुष्कळ रक्त काढले. १४ डिसेंबरच्या रात्री, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर वारले. मार्थाबाई पायाशी बसल्या होत्या. त्या १८०२ साली गेल्या.

त्यांचा पायंडा मात्र जिवंत राहिला. जॉन अ‍ॅडम्स पुढची निवडणूक हरले. ते इतके खट्टू झाले की १८०१ साली जेफरसन यांच्या शपथविधीला न थांबता पहाटेच गावी निघून गेले, पण गेले! जेफरसन यांनी तिसऱ्यांदा नको म्हटले, पुढच्यांनीही तीच रीत पाळली. कायदा नव्हता, नुसती लाज होती. १४० वर्षांहून अधिक काळ ती लाज पुरली. १९४० साली युद्धाच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा आणि १९४४ साली चौथ्यांदा निवडून आले. तेव्हा लोकांना वाटले की आता लाजेवर विसंबून चालणार नाही. १९५१ साली घटनेत दुरुस्ती होऊन दोनदाच निवडून येता येईल असा कायदा झाला. पण कायद्यानेही सगळे भागत नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी मतांची मोजणी थांबवण्यासाठी जमाव तेथल्या संसदेच्या इमारतीत घुसला, ते आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. शांतपणे उठून जाण्याची रीत एकदा पडली म्हणून कायमची राहत नाही. तुळशीला रोज पाणी घालावे लागते, तसे प्रत्येक पिढीला ते करावे लागते.

भगिनींनो, आपले मंडळ लहान. भिशी, हळदीकुंकू, शिवणवर्ग, वाचनाचा तास, एवढाच आपला संसार. तरी त्यातही पहिल्या बाईंनी घातलेल्या रीती आहेतच : सभा वेळेवर सुरू होते, हिशेब फळ्यावर लागतो, अध्यक्षाबाईंचा चहाही वर्गणीतून होत नाही. हे नियम कोठे लिहिलेले नाहीत. यंदा आपल्या पहिल्या अध्यक्षाबाईंनी स्वतःहून सांगितले आहे की पुढच्या वर्षी खुर्ची दुसरीला द्यावी. आपल्यापैकी अनेकींना ते पटत नाही. त्यांच्यासारखे कोण करणार, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. अ‍ॅडम्सही वॉशिंग्टनसारखे नव्हते. पण दुसरे कोणी बसल्याशिवाय ती खुर्ची मंडळाची होत नाही, तोवर ती एका बाईंचीच राहते. म्हणून माझे सांगणे असे की त्यांना आग्रह करू नये. त्यांनी घालून दिलेल्या रीतींतली ही शेवटची आणि सर्वांत अवघड रीत आपण मानाने स्वीकारावी, आणि जी कोणी पुढे बसेल तिला थोडे चुकू द्यावे.